ज्याची गाडी त्याला काळजी?

‘ज्याची गाडी त्याला काळजी.’ ट्रकच्या फिटनेसचा विषय निघाला की वाहतूकदारांच्या बैठकीत हे वाक्य हमखास ऐकू येते. पुढची वाक्येही ठरलेली असतात. ट्रक म्हणजे आमचे पोट, स्वतःच्या पोटावर कोण पाय देईल? गाडी बिघडली तर नुकसान आमचेच, मग ती नीट ठेवायला आरटीओ कशाला हवे? पासिंग म्हणजे एजंटाला पैसे, आत पैसे, आणि आता खासगी सेंटरलाही पैसे. अपघाताचे म्हणाल तर ते ड्रायव्हरच्या चुकीने होतात, गाडीच्या दोषाने नव्हे. सरकारचीच आकडेवारी काढून बघा.

या म्हणण्यातला शब्दन् शब्द मला पाठ आहे, कारण तो मी घरातच ऐकला. माझ्या वडिलांचे दोन ट्रक होते. कराडहून साखर भरून चिपळूणला उतरायची, येताना मिळेल ते रिटर्न भाडे घेऊन वर चढायचे, असा धंदा. वडील निष्काळजी माणूस नव्हते. लाल कापडी बांधणीच्या लांब वहीत ते रोज रात्री हिशेब लिहीत. भाडे, डिझेल, हमाली, जेवणखर्च, नाक्यावर दिलेले पैसे, फायनान्सवाल्याचा हप्ता, पंक्चरचे पैसेसुद्धा. एक रुपया इकडचा तिकडे झाला तर त्यांना झोप लागत नसे. त्या वहीत ब्रेकचे लायनर कधी बदलले याची मात्र एकही नोंद नव्हती. तो रकानाच त्यांनी आखला नव्हता.

एका वर्षी पासिंगच्या आदल्या रात्री शेजारच्या ट्रकचे दोन बरे टायर काढून आमच्या गाडीला चढवलेले मी पाहिले. जॅक लावायला मीच मदत केली. दुसऱ्या दिवशी गाडी आत गेली, चेसिस नंबरावर पेन्सिल घासून घेतली गेली, दिवे लावून पाहिले, हॉर्न वाजवला. संध्याकाळी सर्टिफिकेट हातात आले आणि टायर शेजाऱ्याच्या गाडीला परत गेले. ब्रेककडे कोणी पाहिले नाही. वडिलांनीही नाही. त्यानंतर अकरा आठवड्यांनी तोच ट्रक कुंभार्ली घाटात सुटला. आमच्या ड्रायव्हरमामांनी दरीची बाजू टाळून गाडी डोंगराला घातली, म्हणून दोघेही जगले. क्लीनर मुलगा सतरा-अठरा वर्षांचा होता. त्याचा पाय गुडघ्याखाली गेला.

त्या दिवशीही आमच्याकडे फिटनेसचा कागद होता. म्हणूनच ‘ज्याची गाडी त्याला काळजी’ या वाक्याला उत्तर द्यायचा मला अधिकार आहे, असे मी मानतो. ज्याची गाडी होती त्याला काळजी होतीच. ती हप्त्याची होती, भाड्याची होती, डिझेलची होती. ब्रेकची काळजी या सगळ्यांच्या रांगेत शेवटी उभी होती आणि तिचा नंबर कधी लागलाच नाही.

असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय या वादाला अर्थ नाही. ब्रेक झिजतो तो हळूहळू आणि डोळ्याआड. इंजिन बिघडले तर गाडी उभी राहते आणि टायर फुटला तर खेप अडते, म्हणून त्यांची दुरुस्ती लगेच होते. ब्रेकचे तसे नाही. लायनर अर्धे संपले तरी सपाट रस्त्यावर गाडी थांबते. आज लायनर बदलायचे म्हणजे पैसे, शिवाय एक दिवस गॅरेजमध्ये. हे नुकसान नक्की असते आणि आजच होते. न बदलल्याचे नुकसान होईल की नाही कोणास ठाऊक, झालेच तर पुढे कधीतरी, आणि त्यातले बरेचसे दुसऱ्याच कोणाचे. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई विमा कंपनी देते. स्वतःच्या गाडीचाही विमा असतो. मालकाच्या हिशेबात ब्रेक पुढे ढकलणे फायद्याचे दिसते ते यामुळे. तो मालक चांगला आहे की वाईट, याचा इथे संबंध नाही. देशातल्या बहुतेक ट्रकचे मालक एक-दोन-पाच गाड्यांचे छोटे धनी आहेत. भाड्याचा दर ते ठरवत नाहीत, डिझेलचाही नाही आणि हप्त्याचाही नाही. त्यांच्या हातात एवढेच असते की कोणता खर्च आज करायचा आणि कोणता पुढच्या महिन्यावर टाकायचा. एखाद्या खर्चाला बाहेरून तारखेचे बंधन घातले नाही, तर तो पुढच्याच महिन्यावर जातो. माझ्या घरात तो वर्षानुवर्षे जात राहिला.

आता ब्रेकचेच जरा खोलात पाहू, कारण ‘सकाळपर्यंत ब्रेक अगदी ठीक होते, घाटात अचानक फेल झाले’ हे वाक्य आपण प्रत्येक अपघातानंतर वाचतो आणि खरे मानतो. हवेचा ब्रेक असा अचानक फार क्वचित फेल होतो. आता सर्रास वापरात असलेल्या रचनेत टाकीतली हवा फार उतरली तर स्प्रिंगचा ब्रेक आपोआप लागू लागतो, म्हणजे हवा गेली तर गाडी सुटावी अशी ती रचनाच नाही. होते ते वेगळेच. पेडल दाबले की चेंबरमधला दांडा बाहेर येतो आणि त्याने शू पसरून लायनर ड्रमला टेकते. लायनर झिजले की दांड्याला जास्त अंतर कापावे लागते. हे अंतर कमी करून ठेवायला स्लॅक अॅडजस्टर असतो. ते काम वेळेवर झाले नाही, तर दांडा आपल्या मर्यादेच्या अगदी जवळ येऊन काम करत राहतो. ड्रम थंड असेपर्यंत हे कळत नाही. घाटात ड्रम तापतो, तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून दूर जातो. दांडा शेवटपर्यंत येतो आणि तिथेच संपतो. प्रेशरचा काटा पूर्ण हवा दाखवत असतो, ड्रायव्हरने पेडल तळाला नेलेले असते आणि गाडी मात्र थांबत नाही. एका चाकाने काम सोडले की त्याचे ओझे उरलेल्या चाकांवर जाते, ती अधिक तापतात आणि पाठोपाठ तीही सोडतात. घाटात दोन मिनिटांत दिसणारा हा बिघाड कित्येक आठवडे गाडीत मुक्कामाला असतो. मिस्त्रीने गाडीखाली जाऊन दांड्याचे अंतर मोजले असते, तर ते त्याला पाच मिनिटांत समजले असते.

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. तीन आक्सलच्या ट्रकचे एकूण वजन आता कायद्यानेच २८.५ टनांपर्यंत असू शकते. एवढे वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिने चारशे लिटरच्या आसपास थंड पाणी उकळायला लागेल. गिअर आणि इंजिनाने त्यातला मोठा वाटा उचलला नाही, तर ती सगळी उष्णता चाकांतल्या लोखंडी ड्रममध्ये जाते. ओव्हरलोड असेल तर आणखी. घाटाच्या पायथ्याशी थांबलेल्या ट्रकच्या चाकांतून निघणारा जळका वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना हे आकडे सांगायची गरज नाही.

त्या २८.५ टनांविषयीही बोलायला हवे. जुलै २०१८ मध्ये केंद्राने आक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. तीन आक्सलचा ट्रक २५ टनांवरून २८.५ वर गेला, पाच आक्सलचा ३७ वरून ४३.५ वर. वाहतूकदारांनी त्याचे स्वागत केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिटनेसचा नियमही बदलला. पूर्वी नव्या ट्रकला पहिली दोन वर्षे सोडली की दरवर्षी पासिंगला जावे लागे. आता गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दरवर्षी. एकाच वर्षात ओझे वाढले आणि तपासणी विरळ झाली. तपासणीचा काच वाढत चालला आहे, असा गळा काढणाऱ्यांनी हे दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. लांब पल्ल्याचा ट्रक महिन्याला आठ-दहा हजार किलोमीटर सहज धावतो. म्हणजे दोन पासिंगच्या मध्ये दोन लाख किलोमीटर. तेवढ्या धावेत लायनर एकदा नव्हे, अनेकदा संपतात. मधल्या काळात गाडीखाली कोणी वाकून पाहिले का, हे विचारणारे कोणी नाही. आणि वाहतूकदारांची तक्रार अशी की कागद फार झाले. माझी तक्रार बरोबर उलटी आहे. दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या एका दिवसाला आपण तपासणी म्हणतो आणि उरलेले सातशेहून अधिक दिवस ट्रक देवाच्या भरवशावर सोडतो.

आता ड्रायव्हरच्या चुकीकडे वळतो, कारण विरोधकांचा सर्वांत जड मुद्दा हाच आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. केंद्राच्या अहवालात त्यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या पुढे कारण लिहिले आहे अतिवेग. वाहतूकदार हा आकडा दाखवून विचारतात, यात ब्रेक कुठे आहे? मी उलट विचारतो, उतारावर ब्रेक गेलेला ट्रक कोणत्या वेगाने धावतो? तो भरधावच असतो. तो दहा गाड्यांना धडकतो तेव्हा पाहणाऱ्याला वेग दिसतो, ड्रममधली उष्णता दिसत नाही. अपघातग्रस्त वाहनाच्या तपासणीची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ मध्ये आहे. पण चुरा झालेल्या ट्रकचे प्रत्येक चाक खोलून, लायनरची जाडी आणि दांड्याचे अंतर मोजून, मग कारण लिहिले गेले आहे असे किती अपघातांत घडते? ते घडत नाही, तोवर कारणांचा तो तक्ता म्हणजे पाहणाऱ्यांचा अंदाज आहे. त्याच्या आधारावर ब्रेकला निर्दोष ठरवता येत नाही.

तरीही नवले पुलाचे उदाहरण मला टाळायचे नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. आधी बातमी आली ब्रेक फेलची. पुढे पोलिसांकडून सांगण्यात आले की डिझेल वाचवायला ड्रायव्हरने उतारावर इंजिनच बंद केले होते. वाहतूकदारांना हे उदाहरण फार आवडते. बघा, गाडी चांगली होती, माणूस चुकला!

माणूस चुकला, मान्य. उतारावर न्यूट्रल करणे हा गुन्हाच आहे. इंजिनाची पकड सुटते आणि सगळे ओझे ब्रेकवर येते. इंजिनच बंद केले तर कॉम्प्रेसरही थांबतो, मग पेडलच्या प्रत्येक दाबाबरोबर टाकीतली हवा कमी होत जाते. पण तो न्यूट्रल का करतो, हा प्रश्न विचारायचाच नाही का? कित्येक मालक खेपेला डिझेल ठरवून देतात. वाचले तर ड्रायव्हरचे, जास्त लागले तर त्याच्या पगारातून. आमच्या घरीही तसेच होते. वडिलांच्या वहीत मामांच्या नावापुढे वजा केलेल्या लिटरांची नोंद असे. ज्याच्या जेवणाचे पैसे लिटरावर ठरतात त्याने उतारावर लिटर वाचवू नये, हे आपण कोणत्या तोंडाने सांगतो? ती सवय मालकाच्या हिशेबाने लावलेली आहे. आणि समजा ड्रायव्हर चुकलाच, तरी चांगल्या लायनरची आणि नीट आवळलेल्या ब्रेकची गाडी त्या चुकीतून सावरायला काही सेकंद देते. ड्रायव्हर चुकणार हे गृहीत धरूनच देखभाल करायची असते.

४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यात पळासनेरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर ब्रेक फेल झालेला कंटेनर आधी पुढच्या गाड्यांवर आणि मग बसथांब्यावर आणि हॉटेलवर गेला. किमान दहा माणसे गेली. जुलै २०२५ मध्ये खोपोलीजवळ द्रुतगती मार्गावर एका कंटेनरने वीसच्या आसपास वाहने चिरडत नेली. बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला ‘ज्याची गाडी त्याला काळजी’ हे कसे समजावणार? त्याची तर गाडीही नव्हती.

कायदा या बाबतीत कोणाकडे बोट दाखवतो तेही बघा. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभर ट्रक थांबले आणि सरकारला ती अंमलात आणणे लांबणीवर टाकावे लागले. ड्रायव्हर त्या वेळी रस्त्यावर उतरले, त्यांचा राग मला समजतो. पण मोटार वाहन कायद्याचे कलम १९० कोणी वाचले आहे का? नेहमीची काळजी घेतली असती तर कळला असता असा धोकादायक दोष असलेली गाडी चालवणारा किंवा चालवू देणारा त्यात येतो. ‘चालवू देणारा’ म्हणजे मालकच. त्याला दंड १,५०० रुपयांपर्यंत. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झाले, तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. एका बाजूला पाच-दहा वर्षे, दुसऱ्या बाजूला तीन महिने किंवा पाच हजार रुपये. माझ्या वडिलांना त्या अपघातात एक रुपयाही दंड झाला नाही. मामांवर गुन्हा दाखल झाला. चार वर्षे ते तारखांना जात होते, आणि कोर्टात गाडीच्या ब्रेकबद्दल कोणी काही विचारले नाही, कारण फिटनेसचा कागद चालू होता.

भ्रष्टाचाराच्या मुद्द्यावर मी वाहतूकदारांच्या बाजूचा आहे, फक्त त्यांच्या निष्कर्षाच्या बाजूचा नाही. पासिंग म्हणजे काय चालते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. महाराष्ट्रात तर हा विषय उच्च न्यायालयात गेला. पुण्यातल्या एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने बजावले की ब्रेक तपासायला २५० मीटरचा चाचणी मार्ग नसेल, तर तिथे फिटनेस देऊ नका. विचार करा, गाडी पळवून ब्रेक दाबून बघायलाही जागा नसलेल्या ठिकाणी वर्षानुवर्षे ट्रक ‘योग्य’ ठरत होते. हे उघड झाल्यावर वाहतूकदारांच्या संघटनांनी काय म्हणायला हवे होते? आमची फसवणूक झाली, आम्ही पैसे भरले आणि तुम्ही आमची गाडी तपासलीच नाहीत. हे वाक्य मी एकाही बैठकीत ऐकलेले नाही. चर्चा झाली ती रांगांची आणि गाड्या खोळंबल्याची. खोटी तपासणी दोघांना सोयीची होती. पैसे घेणाऱ्याचे काम वाचत होते, देणाऱ्याचे लायनर वाचत होते. रस्त्यावरचा तिसरा माणूस त्या व्यवहारात कुठेच नव्हता.

म्हणूनच यंत्राने होणाऱ्या तपासणीला होणारा विरोध मला पटत नाही. महाराष्ट्रात नाशिकला असे केंद्र बऱ्याच वर्षांपूर्वी उभे राहिले. रोलरवर चाके चढवली की यंत्र प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजते. डाव्या मागच्या चाकात दम नसेल तर आकडाच ते सांगतो. चालत्या गाडीत बसून ब्रेक दाबणाऱ्या निरीक्षकाला हे कळत नाही, कारण उरलेली चाके ते झाकून टाकतात. यावर आक्षेप येतो की अशी तपासणी करणारी खासगी केंद्रे मुद्दाम गाड्या नापास करतील आणि दुरुस्तीच्या नावाखाली लुटतील. नियमांत अशी अट आहे की या केंद्रांनी दुरुस्तीचा किंवा सुटे भाग विकण्याचा धंदा करायचा नाही. ती पाळली जाते का यावर डोळा ठेवा, जरूर ठेवा. केंद्रे कमी आहेत, लांब आहेत, दोन दिवसांची खेप बुडते, हीही खरी तक्रार आहे. अवजड वाहनांसाठी ही तपासणी १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची होणार होती, मग मुदत १ ऑक्टोबर २०२४ वर गेली. आधी तारीख जाहीर करायची आणि केंद्रे नंतर बांधायची, याला नियोजन म्हणत नाहीत. फिटनेस संपल्यावर रोज ५० रुपयांच्या विलंब शुल्काविरुद्ध २०२४ मध्ये इथे आंदोलन झाले, तेही मी चुकीचे मानत नाही. रोजचे पन्नास रुपये घेऊन लायनर जाड होत नाही.

तपासणीच्या नावाखाली जे रस्त्यावर चालते त्याचेही समर्थन मला करायचे नाही. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ प्रवाशांची मिनीबस एका कंटेनरवर मागून आदळली आणि १२ जण गेले. तो कंटेनर आरटीओच्या पथकाने भर महामार्गावर थांबवल्याचा आरोप झाला, दोन अधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. अंधारात हात दाखवून गाडी अडवणे हा जिवाशी खेळ आहे. तपासणीची जागा रोलरवर आहे, गॅरेजच्या खड्ड्यावर आहे, वजनकाट्यावर आहे. पण अशा प्रकारांकडे बोट दाखवून ‘म्हणून तपासणीच नको’ म्हणणे म्हणजे भेसळीच्या औषधाने माणूस दगावला म्हणून दवाखाने बंद करा म्हणण्यासारखे आहे.

एक मुद्दा अजून राहतो, आणि माझ्या मते तोच मुळातला आहे. यंत्र कितीही खरे असले तरी ते एका दिवसाचे खरे सांगते. ब्रिटनमध्ये ट्रकची वार्षिक चाचणी असतेच, पण त्याखेरीज मालकाने ठरावीक आठवड्यांच्या अंतराने गाडी तपासायची, त्याची नोंद जपून ठेवायची आणि ड्रायव्हरने रोज गाडीभोवती फिरून दोष लिहून द्यायचा, अशी पद्धत आहे. नोंदी नीट नसतील तर धंद्याचा परवानाच धोक्यात येतो. अमेरिकेतही वर्षाची तपासणी आणि दुरुस्तीच्या नोंदी मालकावर बंधनकारक आहेत. आपल्याकडे टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी असा नियम आहे, पण ती शेवटची कधी आणि कोणी मोजली हे लिहून ठेवायची सक्ती नाही. सगळा भार पासिंगच्या त्या एका दिवसावर, आणि म्हणूनच त्या एका दिवसापुरते टायर उसने मिळतात.

मला हवे आहे ते हे. ट्रकसोबत आरसी आणि इन्शुरन्सच्या कागदांबरोबर देखभालीची वही असावी. दर इतक्या किलोमीटरला ब्रेक आवळल्याची, लायनरची जाडी मोजल्याची, हवेच्या टाकीतले पाणी सोडल्याची, मागचे दिवे आणि परावर्तक पट्ट्या पाहिल्याची नोंद, मिस्त्रीच्या सहीने. पासिंगच्या वेळी गाडीबरोबर ती वहीही तपासावी. अपघात झाला तर पोलिसांनी आधी ती ताब्यात घ्यावी. आणि ड्रायव्हरने ‘ब्रेक बरोबर नाही, मी घाट उतरवणार नाही’ असे लिहून दिले, तर त्याची खेप बुडाली म्हणून त्याला कामावरून काढता येऊ नये. ही शेवटची गोष्ट कायद्याने द्यायला सर्वांत अवघड आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याची व्याप्तीच पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांपुरती होती. म्हणजे ज्या एक-दोन गाड्यांच्या मालकांकडे देशातले बहुतेक ड्रायव्हर राबतात, त्यांच्यापर्यंत तो पोचतच नव्हता. मामांनी त्या सकाळी वडिलांना सांगितले होते की पेडल खाली जाते आहे. वडील म्हणाले होते, ही एक खेप मारून या, आल्यावर बघू. हे मामांनी कोर्टात सांगितले नाही. आम्हाला सांगितले, तेही वडील गेल्यानंतर.

यावर मला कोणी म्हणेल की वही म्हणजे आणखी एक खोटा कागद. होईलही काही ठिकाणी. पण खोटी नोंद करणाऱ्याला निदान तारीख लिहावी लागते, सही करावी लागते, आणि ती तारीख नंतर कोणाला तरी लायनरच्या जाडीशी ताडून पाहता येते. आज ताडून पाहायला काहीच नाही. छोट्या मालकाला हा खर्च झेपणार नाही, असेही म्हटले जाईल. मग भाड्याच्या दरात देखभालीचा वाटा मागा. ज्यांचा माल घाटातून उतरतो त्या कारखानदारांकडे आणि व्यापाऱ्यांकडे मागा. त्यासाठी चक्का जाम करा, मी तुमच्याबरोबर रस्त्यावर बसेन. लायनरचे पैसे परवडत नाहीत म्हणून तपासणी नको, ही मागणी मात्र त्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर केलेली मागणी आहे.

वडिलांनी अपघातानंतर उरलेला एक ट्रक आणखी सहा वर्षे चालवला. त्यांची शेवटची वही माझ्याकडे आहे. तिच्या प्रत्येक पानावर उजवीकडे पट्टी न लावता, हातानेच आखलेला एक जादा रकाना आहे. बहुतेक ओळींत तो रिकामा आहे. पण महिन्यातून एकदा-दोनदा त्यात काहीतरी लिहिलेले सापडते. ‘चारही ब्रेक आवळले.’ ‘मागचे डावे लायनर नवे. खेप एक दिवस उशिरा, पार्टीने भाड्यातून कापले.’ आणि त्याच ओळीत, क्लीनर मुलाच्या नावापुढे, दर महिन्याला घरी पाठवलेले दोनशे रुपये.